यंत्र रिकामं परत देऊ नये

उसनं दिलेलं यंत्र परत आलं की बुरुलकान आधी त्याचं झाकण उघडते. आणणारा माणूस अजून दारात बूट काढत असतो. ती त्याला बसा म्हणते, चहा ओतते, भाकरीचा तुकडा मोडून पुढे करते. दुसऱ्या हातात तोवर स्क्रू ड्रायव्हर आलेला असतो. चार स्क्रू. झाकण बाजूला. मग आत बोटं घालून चाचपडते.

टेपरेकॉर्डरमधून चॉकलेटं निघतात. रेडिओमधून अक्रोड. मोठ्या गणकयंत्राच्या खोक्यातून रुमालात बांधलेले जर्दाळू. एकदा एका टीव्हीत, काचेच्या नळीमागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले सात बोर्सोक निघाले. तेलात तळलेले, आठवड्याचे शिळे. त्यांच्या मागोमाग एक उंदीर निघाला.

डोंगरातल्या मोठ्या तळ्याकाठच्या बालिकची गावात शेजाऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत देत नाही. वाडग्यातून रस्सा आला तर वाडग्यातून सफरचंदं जातात. काहीच नसेल तर चिमूटभर चहाची पत्ती. यंत्र म्हणजे भांडं नव्हे, हे बुरुलकानने गावाला वीस वर्षं सांगितलं. लोक तिला एजे म्हणतात, थोरली बहीण, आणि मान डोलवतात. "हो एजे, रिकामंच आणू." घरी नेतात, वापरतात. परत निघताना हात ऐकत नाहीत.

"अगं बाई, हा संगणक आहे!" ती एकदा कोपऱ्यावरच्या शिंपिणीवर ओरडली होती.

"म्हणूनच तर, एजे. वाडगा असता तर मूठभर चाललं असतं. एवढ्या थोरल्या यंत्राला मूठभर शोभतं का?"

 त्याच सकाळी बुरुलकानने शिंपिणीचं पातेलं मनुका भरून परत पाठवलं होतं.

ती फ्रुंझेत, म्हणजे आताच्या बिश्केकमध्ये, शिकली आणि एकोणऐंशी साली ट्रकच्या डेपोत नोकरीला लागली. रेल्वे बालिकचीत संपते. तिथून पुढे नारिनच्या डोंगरात सगळा माल डेपोच्या ट्रकांनी जायचा. कुठला ट्रक कुठे, किती पिठाची पोती, कुठल्या खिंडीत बर्फ, हा हिशेब ठेवायला डेपोने एक संगणक केंद्र उभारलं होतं. अकरा बायका पांढरे झगे घालून काम करायच्या. गावात दुसरं यंत्र नव्हतं, म्हणून हवामान ठाण्याचे आकडे, शाळांची वेळापत्रकं, सगळं तिथेच यायचं.

मग एक्क्याण्णव साली जुना देश मोडला, डेपो बंद पडला. हातोडे घेऊन माणसं आली. जुन्या यंत्रांत कणभर सोनं असतं, ते काढायला. बुरुलकान दाराशी उभी राहून बघत होती. तिने आयुष्यभर बोटानेसुद्धा हलकेच दाबलेली बटणं ती माणसं बुटाने मोडत होती. ती घरी गेली आणि मुलाची जुनी बाबागाडी घेऊन आली. अठरा खेपा केल्या.

तिचा नवरा एसेनबाय तेव्हा ट्रक चालवायचा. आता तो गावातली प्रवासी व्हॅन चालवतो. त्या दिवसाबद्दल तो अजून पाहुण्यांना सांगतो. "लोकांच्या बायका बाबागाडीतून पोर आणतात. हिने फ्लॉप्या आणल्या. मी विचारलं, दूध कोण पाजणार?"

"आणि मी काय म्हटलं ते सांग की."

"म्हणाली, तुला पाजलंय एवढी वर्षं, यांना काय जड जाणार."

मग इतरांनीही आणून द्यायला सुरुवात केली. मेलेल्या आजोबांचा रेडिओ, बंद पडलेल्या शाळेचे चार संगणक, टपाल कचेरीचे टेलिफोन. अंगणामागचं कोठार भरलं. बुरुलकान ते झाकून ठेवत नाही. तिचं म्हणणं, बांधून ठेवलेला घोडा लंगडतो. न वापरलेल्या यंत्राचे पट्टे चिकटतात, आतले भाग सुकतात, मग ते एके दिवशी सुरूच होत नाही. म्हणून ती उसनं देते. ज्याच्याकडे जुनी टेप आहे त्याला टेपरेकॉर्डर. ज्याच्याकडे जुनी फ्लॉपी आहे त्याला संगणक. बिश्केकहून सिनेमावाले आले, सहा टेलिफोन घेऊन गेले. भाडं नाही. अट एकच, रोज तासभर चालू करायचं. आणि दुसरी अट, जी कुणी पाळत नाही.

यंदा हिवाळ्यानंतर कोठाराचं छप्पर गेलं. तळ्यावर उलान वारा येतो तेव्हा छपराचे पत्रे पत्त्यांसारखे उडतात. एसेनबाय शिडी लावून वर चढला आणि तसाच उतरला. वासे कुजले होते. खिळा धरत नव्हता.

"म्हातारे, हे डागडुजीचं काम नाही. आणखी एक हिवाळा काढणार नाही हे."

"माझी यंत्रं?"

"यंत्रं काय, मीसुद्धा काढेन की नाही शंका आहे."

घरात जागा नव्हती. पलंगाखाली चार संगणक आधीच होते. बुरुलकानने तळ्यापलीकडच्या काराकोलच्या संग्रहालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं. बालिकचीच्याच बंदरावरच्या जुन्या खलाशी क्लबात संग्रहालयाच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. चिनारा नावाच्या बाई सप्टेंबरातल्या एका गुरुवारी बघायला येणार होत्या. यंत्रं चालताना दिसली तर खोल्या देता येतील.

कोठारात फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह एकच धड होता. त्याच्याविना संगणक म्हणजे नुसता काळा पडदा. तो ड्राइव्ह त्या वेळी कादिराली बाइकेंकडे होता.

कादिराली चौऱ्याहत्तर वर्षांचे; गाव त्यांना बाइके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतं. तीस वर्षं त्यांनी बंदराजवळच्या हवामान ठाण्यावर वारा मोजला. ठाणं बंद झालं तेव्हा ती विटांची बसकी इमारत त्यांनाच राहायला मिळाली. त्यांचा मेहुणा मुकाश रेल्वेत होता. एकोणनव्वद सालच्या वसंतात वाऱ्याने स्टेशनात उभा असलेला मालगाडीचा रिकामा डबा आडवा केला होता. मुकाश म्हणायचा, वारा सेकंदाला चाळीस मीटरच्या वर होता. कादिराली म्हणायचे, चौतीस. मी स्वतः मोजलाय. हा वाद प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीत झाला. ठाण्याच्या वह्या त्र्याण्णवच्या थंडीत चुलीत गेल्या होत्या, त्यामुळे तो मिटतही नव्हता. मग कुणीतरी आठवण करून दिली की ते आकडे बुरुलकानच्या केंद्रात फ्लॉपीवर चढवले जायचे.

फ्लॉपी होती. वर बुरुलकानच्याच अक्षरात साल होतं. बाइके ती, संगणक आणि ड्राइव्ह असं सगळं घेऊन गेले.

परत आले तेव्हा बुरुलकान कोचकोरला भाचीच्या बाळाच्या पाळण्याला गेली होती. एसेनबायने सामान घेतलं आणि ड्राइव्ह कोठारात वरच्या फळीवर ठेवला. त्याला वाटलं, उंचावर सुरक्षित राहील. त्या फळीच्या वरचाच पत्रा उडालेला होता. दोन दिवस पाऊस झाला.

मंगळवारी सकाळी बुरुलकानने झाकण उघडलं.

आत हिरव्या पट्ट्यांच्या कापडाची पिशवी होती. पिशवीत कुरुत. दह्याच्या खारट गोळ्या, घरी वळलेल्या, नीट वाळलेल्या. म्हणजे आधी वाळलेल्या. आता त्या भिजून मऊ झाल्या होत्या आणि त्यांचं आंबट खारट पाणी सर्किट बोर्डावर उतरलं होतं. बोर्डावर हिरवट पांढरी बुरशी आली होती. केसांसारख्या बारीक तांब्याच्या रेघा जागोजागी खाल्ल्या गेल्या होत्या.

तिने पिशवी बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवली.

"बाइके असं कसं करतील?" एसेनबाय म्हणाला. "शास्त्राचा माणूस तो!"

"म्हणूनच केलं. विचार करून केलं." तिने एक गोळी बोटात धरली. "मी सगळ्यांना सांगते ना, गोड नको, मुंग्या येतात. तळलेलं नको, तेल सुटतं. त्यांनी कोरडं शोधलं. मुंगी लागत नाही, तेल नाही, वर्षभर टिकतं. मिठाचं तेवढं राहून गेलं."

"मी जातो आणि सांगतो त्याला."

"काय सांगशील? माझ्या घरी अन्न आणलंत म्हणून?"

"मग ड्राइव्ह?"

"वोडका आण."

"दुःखात पिऊ नये, म्हातारे."

"बोर्ड धुवायला."

एसेनबायने बाटली आणली. बुरुलकान ती बोर्डावर ओतू लागली तेव्हा त्याने तोंड फिरवलं. बुधवारभर बुरुलकान भिंग लावून बसली. कथलाचा एक डाग द्यायची, दुसरी रेघ तिला दिसायची नाही. त्रेसष्टाव्या वर्षी डोळे आणि हात एकाच वेळी साथ देत नाहीत. संध्याकाळी ड्राइव्ह लावून बघितला. दिवा लागला नाही.

गुरुवारी चिनारा आली. चाळिशीची, थकलेली, भली बाई. तिच्याबरोबर मोजपट्टी होती. तिने कोठार मोजलं, छप्पर पाहिलं, एकेका यंत्रापुढे थांबली. एका जुन्या गणकयंत्राला तिने हात लावला आणि म्हणाली, "असं माझ्या आईच्या कचेरीत होतं." नंतर घरात येऊन बसली. टेबलावर उघडा ड्राइव्ह पडला होता, शेजारी धुऊन ठेवलेली हिरव्या पट्ट्यांची पिशवी.

"खोल्या मिळतील, एजे. हा चालो न चालो, मी लिहीन. पण हा कागद वाचा आधी."

बुरुलकानने वाचला. वस्तू काचेच्या कपाटात राहतील. कुठलीही वस्तू संग्रहालयाबाहेर जाणार नाही.

"चालू कधी करायच्या?"

"चालू नाही करायच्या. जपायच्या."

"मग तीस वर्षं मी काय करतेय, पोरी?"

"हे बघा ना." चिनाराने ड्राइव्ह अलगद उचलला. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "उसनं दिलं की असं होतं. कुणी केलं हे?"

दार उघडं होतं. दारात कादिराली बाइके उभे होते. डोक्यावर पांढरा काल्पाक, लोकरीची उंच टोपी, हात पाठीमागे. ते कधी आले ते कुणाला कळलं नव्हतं.

बुरुलकानने त्यांना पाहिलं. "पावसानं," ती म्हणाली.

बाइकेंनी बोर्ड पाहिला. मग पिशवी पाहिली. तीस वर्षं नोंदी केलेला माणूस तो. त्याला दोन गोष्टी जोडायला वेळ लागला नाही.

"पावसात मीठ नसतं," ते म्हणाले.

 एसेनबायने घाईघाईने पेला पुढे केला. "बाइके, चहा घ्या. बसा तरी."

"मी ड्राइव्ह मागायला आलो होतो. आणखी एका दिवसासाठी." ते बुरुलकानकडे बघत नव्हते. "मुकाश जिंकला. एकेचाळीस होता वारा. माझ्याच हातची नोंद. मी त्याला जाऊन सांगितलं, तर म्हणतो, मी मरायला टेकलोय म्हणून हरतोयस का रे? दया दाखवतोस? त्याचं हृदय आता चालत नाही धड. म्हटलं, त्याला पडद्यावरच दाखवावं. राहू दे."

ते गेले. भाकरीचा तुकडासुद्धा न मोडता गेले. या घरातून आजवर कुणी असं गेलं नव्हतं.

चिनारा उठली. "मी शनिवारपर्यंत गावात आहे. कागद ठेवून जाते."

तो कागद असलेली फाइल दिवसभर टेबलावर होती. बुरुलकान तिच्यासमोर बसली. सही केली तर सगळं कोरडं राहील. दोन खोल्या, काच, कुलूप. पुन्हा कुणी काही आत ठेवणार नाही, पुन्हा कुणाला शरमेने उठून जावं लागणार नाही. तिने पेन उघडलं. टोक कागदावर टेकवलंसुद्धा. तिला पांढऱ्या झग्यातल्या अकरा बायका आठवल्या. त्या दिवसभर बटणं दाबायच्या आणि एकमेकींना ओरडून आकडे सांगायच्या. त्या यंत्रांपुढे कधी कुणी गप्प उभं राहिलं नव्हतं.

मग तिची नजर पिशवीवर गेली. पिशवी बाइकेंची होती. परत द्यायला हवी होती.

"म्हाताऱ्या, यात काय घालू?"

"चॉकलेटं घाल."

"चॉकलेटं घातली तर त्यांना वाटेल, खारटावरून मी टोचतेय."

"मग रिकामी दे."

तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून व्हॅन पुसायला गेला.

शुक्रवारी सकाळी ती बंदराकडे निघाली. पुढ्यात बाबागाडी होती. कादिराली बाइके अंगणात जुन्या वारामापकाच्या खांबाजवळ बसले होते. ती आली तसे ते उभे राहिले. तिने पिशवी पुढे केली.

"रिकामी कशी आणू, बाइके?"

त्यांनी पिशवी तळहातावर उपडी केली. आठ स्क्रू पडले, चार झाकणाचे, चार बोर्डाचे.

"हे काय?"

"बाकीचं बाबागाडीत आहे."

त्यांनी बाबागाडीत वाकून पाहिलं. रजईवर ड्राइव्ह होता, शेजारी कथील, सोल्डरिंग आयर्न आणि उरलेली पाव बाटली वोडका.

"माझ्या हातात देतेस? पुन्हा?"

"तुमच्या हातांनी बिघडलं, आता तुमचेच हात लागणार. वारा मोजायची यंत्रं तुम्ही तीस वर्षं दुरुस्त केलीत. मला ती रेघच दिसत नाही. भिंग लावलं तरी दोन दिसतात."

"जमलं नाही तर?"

"तर मेलेलं अजून काय मरणार आहे?"

बाइकेंनी स्क्रू बोटाने सरकवत मोजले. मग म्हणाले, "पाव बाटली उरली कशी? एसेनबाय घरी नव्हता काय?"

तेव्हा बुरुलकानला हसू आलं. त्यांनी चहा केला. तिने दोन पेले घेतले आणि भाकरी मोडली.

शनिवारी सकाळी चिनारा फाइल न्यायला आली. बुरुलकानने फाइल तिच्या हातात दिली. ती जाड लागली म्हणून चिनाराने उघडून पाहिली. आत कागद होता. त्यावर सही नव्हती. कागदाच्या मागे जर्दाळूंची पुडी होती.

"एजे, अहो छप्पर! महिनाभरात बर्फ पडेल."

"माहीत आहे."

"मग ही यंत्रं ठेवणार कुठे?"

"ते माहीत नाही." तिने पुडी परत फाइलमध्ये सारली. "जी चालत नाहीत ती घेऊन जा. पंधरा आहेत. ती काचेत बसू देत. चालणारी मी नाही देत."

रस्त्यावर पोरं हसत होती. कादिराली बाइके काल्पाक घालून, ताठ मानेने, बाबागाडी ढकलत येत होते. त्यांनी ड्राइव्ह टेबलावर ठेवला. चेहरा झोप न झालेल्या माणसाचा होता.

बुरुलकानने सवयीने स्क्रू ड्रायव्हर उचलला. झाकण काढलं. बोर्डावर चौदा तारा होत्या. लाल, केसाहून बारीक, खाल्ल्या गेलेल्या प्रत्येक रेघेच्या जागी एक. दोन्ही टोकांना खसखशीएवढे कथलाचे डाग. एकही दुसऱ्याला लागलेला नव्हता.

"तार कुठली?"

"वारामापकातली. तो आता काय मोजणार आहे."

मग तिने आत बोटं घातली. कोपऱ्यात कापडाची गुंडाळी होती. ती सोडवली. आतून हातभर नाही, पण चांगली बोटभर लांब किल्ली निघाली.

"लोखंड!" बुरुलकान किंचाळली. "बाइके! चुंबकाच्या यंत्रात लोखंड? कुरुत काय कमी होतं?"

"गुंडाळलीय की. आणि फ्लॉपी वाचणाऱ्या डोक्यापासून चार बोटं लांब ठेवलीय, मोजून." ते गडबडले. "नुसतं कसं आणू? हे एवढंच होतं."

"कसली किल्ली आहे?"

"वाऱ्याच्या खोलीची. पुढची, जिथे उपकरणं असायची. पंधरा वर्षं रिकामी आहे. दुहेरी खिडक्या आहेत, हातभर जाड भिंती. वाऱ्याला आत येऊ द्यायचं नाही म्हणूनच बांधली होती ती." त्यांनी काल्पाक काढला, परत घातला. "छप्पर मीच बघतो दर वर्षी. तुझी यंत्रं मावतील. मावली नाहीत तर माझा पलंग स्वयंपाकघरात हलवू."

बुरुलकानने किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.  चिनारा खिडकीबाहेर बघू लागली.

"लावून तर बघा," शेवटी एसेनबाय म्हणाला. "नाहीतर सगळे रडायचे आणि दिवा लागायचा नाही."

फ्लॉपी आत गेली. एक क्षण काहीच नाही. मग लाल दिवा लागला. आतून तो जुना करकर आवाज आला. बुरुलकानने डोळे मिटले. पडद्यावर आकड्यांच्या ओळी चढू लागल्या, तारीख, वेळ, वारा. बाइकेंनी बोट ठेवलं.

"एकेचाळीस," चिनाराने मोठ्याने वाचलं.

"बघा, एकेचाळीस!" बाइके असे म्हणाले जणू तेच जिंकले होते. "चल, बांध हे. मुकाश दुपारी झोपतो. त्याच्या आधी हरायला हवं."

संगणक आणि पडदा एसेनबायच्या व्हॅनमध्ये चढला. ड्राइव्ह मात्र बाइकेंनी कुणाला दिला नाही. तो बाबागाडीतच जाणार होता. फाटकाशी चिनारा थांबली.

"एजे, आमच्याकडे जुन्या रिळांचा खोका आहे. वाजवायला काही नाही. एखादं यंत्र आठ दिवस मिळेल?"

"रोज तासभर चालू करावं लागेल."

"करू."

"आणि परत आणताना रिकामं आणायचं."

"हो एजे," चिनारा म्हणाली. तोंडात जर्दाळू होता.

बाबागाडी कोपऱ्याशी पोचली होती. बुरुलकान पुढे धावली. "बाइके! तुम्हालाही सांगतेय! मुकाशच्या घरून काही घालू देऊ नका! रिकामं आणा!"

बाइकेंनी मागे न बघता हात वर केला.

तिने स्क्रू ड्रायव्हर खणात ठेवला नाही. एप्रनच्या खिशातच ठेवला.